भाताच्या खाचरात कांद्याची ओळ

भंडारदऱ्याला जाऊन आलेली माणसं धबधब्याचे फोटो दाखवतात. माझ्याकडे एकही नाही. तीन दिवसांत मी धबधबा दोनदा पाहिला, दोन्ही वेळा बसच्या काचेतून, आणि काचेवर आमच्याच श्वासांची वाफ धरलेली होती. तरी वर्गातल्या मुली विचारत राहतात, काय काय पाहिलंस? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. ज्या आल्या होत्या त्यांना माहीत आहेच. त्यातल्या एकीला मी हे आधी वाचून दाखवलं, कारण ती घड्याळाची आहे आणि मी तिच्याबद्दल काहीतरी भलतंच लिहीन, असा तिला संशय होता.

घड्याळाची म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. नगर शहरात मुलींची दोन जुनी, नावाजलेली कॉलेजं आहेत. एकाच्या आवारात मोठी चिंच आहे आणि दुसऱ्याच्या दर्शनी भिंतीवर घड्याळ. रिक्षावालेसुद्धा कॉलेजचं नाव घेत नाहीत, "चिंच का घड्याळ?" एवढंच विचारतात. मी चिंचेची. आमच्या मुली म्हणतात, घड्याळवाल्यांचं घड्याळ सात मिनिटं पुढे आहे, कारण त्यांना कुठेही पहिलं पोचायची घाई. त्या म्हणतात, चिंचेखाली बसून बसून यांची तोंडं आंबट झालीत. निकाल, खो-खो, वक्तृत्व, सगळीकडे हे चालतं. पण सगळ्यात मोठी चुरस असते ती जुलैमधल्या श्रमदान शिबिराची.

हे शिबिर दोन्ही कॉलेजांचं मिळून असतं. भंडारदरा धरणाच्या वरच्या अंगाला एक लहानशी वाडी आहे. तिथे हौसाबाई नावाच्या शेतकरीण बाई आहेत, त्यांना सगळ्या मावशी म्हणतात. त्यांच्या दोन खाचरांत दोन्हीकडच्या मुली भाताची आवणी करतात, म्हणजे राबात, रोपांच्या वाफ्यात, वाढवलेली रोपं उपटून चिखलात लावतात. एक खाचर चिंचेचं, एक घड्याळाचं. ज्यांचं आधी लावून होईल त्या जिंकल्या. बक्षीस म्हणून ढाल किंवा कप नसतो. असतं एक इरलं. बांबूच्या कामट्या आणि पानं यांचं, डोक्यावरून पाठीवर उतरणारं, वाकून काम करताना पाठ कोरडी ठेवणारं. जिंकणारं कॉलेज ते काचेच्या कपाटात ठेवतं. गेली चार वर्षं ते घड्याळाकडे होतं.

जूनमध्ये शिबिराचं बघणाऱ्या आमच्या बोरुडे मॅडमनी वर्गात विचारलं, "शेतातलं काम कोणाला येतं?" कोणी हात वर करेना. मी आपल्याच जिल्ह्यातल्या, दुष्काळी कर्जत तालुक्यातली आहे. आमच्या घरात कॉलेजात जाणारी मीच पहिली. आई-वडील दिवाळीनंतर ऊसतोडणीला जातात, आणि त्याआधी आईबरोबर मी आठवीपासून कांदे लावायला गेले आहे. एका दिवसात मी किती वाफे लावते ते आमच्या गावात विचारा. पण कॉलेजात दोन वर्षं मी स्वतःहून एकदाही बोलले नव्हते. हात वर केला तो कोपरापर्यंतच. म्हणाले, "मला येतं."

"मग शीतल कप्तान," मॅडम म्हणाल्या.

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी घाबरले आणि मला फार बरंही वाटलं. इरलं आणायचं, एवढंच त्यानंतर माझ्या डोक्यात होतं.

शुक्रवार: नगर ते वाडी

दोन्ही कॉलेजांना मिळून एकच बस असते. डाव्या बाजूला चिंच, उजव्या बाजूला घड्याळ, आणि मधली वाट म्हणजे सीमा. माझ्या समोरच्या उजव्या सीटवर त्यांची कप्तान बसली होती, ऋतुजा. सावेडीत राहते. तिची मोठी बहीणही घड्याळाचीच. तिच्या पायात पिवळेधमक नवे गमबूट होते.

"तू शेतातली ना?" तिने विचारलं.

"हो."

"आम्हाला कळलं. चिंचेने या वर्षी बाहेरून खेळाडू आणलाय म्हणे."

"बाहेरून कशी? मी तिसऱ्या वर्षाला आहे."

"मग दोन वर्षं कुठे होतीस?"

मी आईने दिलेल्या बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी काढली. वास पसरला तशी सीमेपलीकडून आधी एक हात आला, मग तीन. "चटणी घेतली म्हणजे हरायचं कबूल नाही हं," ऋतुजा तोंड भरलेलं असताना म्हणाली.

संगमनेर गेलं आणि अकोले मागे पडल्यावर जमिनीचा रंगच बदलला. आमच्याकडे जुलैतही माती ढेकळांची असते, बाभळी दूरदूर उभ्या. इथे हिरव्यावर हिरवं चढलेलं. राजूरच्या पुढे तर रस्त्याच्या कडेने, दगडातून, कुणाच्या तरी अंगणातून, जिथून जमेल तिथून पाणी वाहत होतं आणि त्याच्याकडे कोणी बघतही नव्हतं. आमच्या गावात टँकर आला की बायका धावतात. मला सारखं वाटत होतं, कोणीतरी खाली भांडं लावायला हवं.

वाडीतल्या शाळेत उतरायची सोय होती. जेवण मावशींच्या पडवीत. हौसामावशी पन्नाशीच्या, काटक, आणि बोलताना नजर समोरच्याच्या ताटावर. त्यांनी ताटात भात वाढला तेव्हा मला वाटलं सगळ्यांचा मिळून एकात वाढला. आमच्याकडे भात सगळ्यात शेवटी, मुठीएवढा, पाहुणे असले तर. इथे भात मधोमध, डोंगरासारखा, बाजूला कुर्डूची भाजी आणि पातळ आमटी, आणि नागलीची भाकरी सगळ्यात शेवटी, चवीपुरती.

"तू कुटली गं?" त्यांनी मला विचारलं.

"कर्जतची."

"तिकडं पानी न्हाई म्हनं."

"न्हाई," मी म्हणाले. दोन वर्षांनी कॉलेजच्या मुलींसमोर माझ्या तोंडून 'न्हाई' निघालं, आणि कोणाचं लक्षही गेलं नाही. सगळ्या जेवत होत्या.

फोनला रेंज फक्त शाळेच्या तिसऱ्या पायरीवर. तिथून आईला फोन केला. तिने विचारलं, "पानी हाय का तितं?" म्हटलं, "आये, हितं पानी घालवून द्यायला बांध फोडत्यात." "घालवून?" तिने परत विचारलं.

शनिवार: खाचर

सकाळी चिखलणी झालेली दोन खाचरं तयार होती. वरचं आमचं, खालचं त्यांचं. बांधावर रोपांच्या मुठी रचून ठेवलेल्या. मावशी गुडघाभर चिखलात उतरल्या आणि सगळ्यांना बोलावून म्हणाल्या, "हिकडं बगा. दोन-तीन काड्या घ्यायच्या, वरच्यावर टेकवायच्या. दाबायचं न्हाई. वितीवर दुसरं."

मी म्हणाले, "मला येतं, मावशी. मी कांदा लावते आमच्याकडं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काहीतरी म्हणणार होत्या. तेवढ्यात बोरुडे मॅडमनी शिट्टी वाजवली.

कांद्याचं रोप वाफ्यात लावताना अंगठ्याने आत सरकवून घट्ट दाबायचं, नाहीतर पाटाच्या पाण्याबरोबर निघून येतं. माझा अंगठा हे न विचारता करतो. मी आमच्या अकरा जणींनाही तेच सांगितलं. "खोल घाला. दाबा. हलता कामा नये." आणि मी वेग धरला. खरं सांगते, इतकं सुख मला कॉलेजात कधी झालं नव्हतं. मऊ चिखल, पाठीवर पाऊस, हात आपोआप चाललेले, आणि मागे माझ्या मुली, "शीतल, पुढची ओळ कुठून?" असं विचारणाऱ्या.

खालच्या खाचरात गोंधळ होता. एकीच्या बोटाला खेकड्याने धरलं आणि तिने जी किंकाळी फोडली तिला समोरच्या डोंगरातून उत्तर आलं. ऋतुजाचा डावा गमबूट चिखलाने गिळला. ती एका पायावर उभी राहून ओरडत होती, "वेळ थांबवा! माझा बूट!"

"तुमचं घड्याळ सात मिनिटं पुढंच आहे," आमची एक ओरडली. "वापरा ती!"

त्यांनी बूट तिथेच सोडला आणि वेळ भरून काढायला मुठीच्या मुठी चिखलात खोचायला सुरुवात केली. तरी आम्ही चार ओळींनी जिंकलो.

इरलं माझ्या डोक्यावर ठेवलं. मला वाटलं होतं जड असेल. हलकं होतं, धुराचा वास येणारं. ऋतुजा एका पायात बूट आणि एका पायात चिखल अशी आली आणि हात पुढे करून म्हणाली, "चार वर्षांनी. जपून ठेवा, पुढच्या वर्षी न्यायला येऊ." बोरुडे मॅडम एरवी हसत नाहीत. त्या हसून म्हणाल्या, "शीतल, तू होतीस म्हणून." हे वाक्य मी दुपारभर मनात परत परत ऐकत राहिले.

शनिवार: दिवे लागताना

संध्याकाळी मावशींचं भाताचं पातेलं परत द्यायला मी गेले. मागच्या दाराने गेले, कारण पुढे अंगणात चिखल होता. आत चुलीपाशी मावशी आणि त्यांची सून यमुना बोलत होत्या. यमुना माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठी असेल.

"आत्याबाई, खालच्यात तर निस्ती झुडपं खोचल्यात. आन् वरच्यात शेंडंच दिसंनात. कवा उपटायचं?"

"सोमवारी. पोरी गेल्या म्हंजी."

"दर साली आपलं आपल्यालाच दोनदा. औंदा राबाचा कोपरा पावसानं व्हावून गेलाय. रोप कुटनं आनायचं कमी पडलं तर?"

"बगू. हळू बोल."

मी पातेलं घेऊन तशीच उभी होते. मावशींनी मान वळवली.

"कवाधरनं हुबी हायस गं?"

"आत्ताच आले."

त्यांना कळलं की मी खोटं बोलले. त्यांनी पाट पुढे सरकवला आणि गवती चहा घातलेला चहा दिला. मी विचारलं, "मावशी, आमचं चुकलं का?"

"चुकलं काय... तू कांद्यावानी लावलंस. दाबून. भाताचं रोप दाबलं की गुदमरतं. त्याला खालनं फुटवं काढायचं असत्यात, मान मोकळी लागती. खोल गेलं की निम्मं सडतं, निम्मं नुसतं हुबं ऱ्हातं. आन् त्या खालच्या पोरी, त्यांनी धा-धा काड्या एका जागी. ती आपसातच भांडत्यात."

"दर वर्षी असंच होतं?"

यमुना हसली. "दर सालाला आमी राबात जास्तीचं रोप टाकतो. त्याला आमी म्हनतो, पोरींचं रोप. मोडायला."

"मग सांगत का न्हाई तुमी?"

मावशी चुलीत लाकूड सारत म्हणाल्या, "एवढ्या लांबनं येता. पाव्हन्यांना कोन सांगतं, की तुमी गेल्यावर आमी सगळं काडतो? आन् वाडीत वरसातनं एकदा एवढ्या पोरी हसत्यात. ही यमुना अकरावीतनं आली लग्न हून. तुमचं बोलनं ऐकलं की म्हनती, मलाबी बारावी द्यावी वाटती."

"आत्याबाई, गप ना," यमुना म्हणाली आणि पातेलं घासायला बाहेर गेली.

परत येताना मी वरच्या खाचरापाशी थांबले. पाणी चढलं होतं. सकाळी मला ज्या ओळी सरळ आणि सुंदर वाटल्या होत्या, त्यांचे फक्त टोकांचे ठिपके पाण्यावर दिसत होते. माझ्या ओळी सगळ्यात खोल होत्या. मी सगळ्यात चांगली लावणारी होते ना.

शाळेत आमच्या मुली आळीपाळीने इरलं घालून फोटो काढत होत्या. मी काही बोलले नाही. बोलले असते तर इरलं गेलं असतं, हे तर होतंच. पण मला जास्त भीती दुसरी होती. हे कळलं तर दोन्ही कॉलेजं म्हणतील, आपल्यामुळे त्या घराचं नुकसान होत असेल तर शिबिरच बंद करू. आणि मग वर्षातून एकदा हसायला येणाऱ्या मुलीही बंद. आणि नाही बोलले, तर यमुना सोमवारी वाकून माझी एकेक काडी उपटणार, आणि रोप कमी पडलं तर तेवढं खाचर रिकामं राहणार. त्यात मी कप्तान. 'मला येतं' म्हणणारी.

रविवार: उपटणी

सकाळी सगळ्या आवराआवर करत असताना मी बाहेर पडले. खालच्या खाचराच्या बांधावर ऋतुजा काठीने चिखल ढवळत होती.

"काय कप्तान," ती म्हणाली, "आता बूटपण न्यायला आलीस का?"

"तुला एक सांगायचंय."

"इरलं परत देताय?"

"बहुतेक."

तिने काठी थांबवली. मी सगळं सांगितलं. पोरींचं रोप, मोडायला, इथपर्यंत. तिने काठीने आपल्या खाचरातल्या एका झुडपातल्या काड्या मोजल्या.

"आमचंही? दर वर्षी?"

"हो."

"शीतल, आमच्या हॉलमध्ये ताईचा इरलं घातलेला फोटो आहे. पाहुणे आले की आई आधी तो दाखवते, मग पोहे देते." ती कठड्यावर बसावं तशी ओल्या बांधावर बसली. "आता मी त्या फोटोकडे कसं बघू?"

मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं.

"पण तू हे मला का सांगतेस? तुझ्या मॅडमना सांग ना."

"एकटीने भीती वाटते."

"आणि माझी नाही वाटत?"

"तुझी जास्त वाटते. म्हणून आधी तुलाच सांगितलं."

ती उठली, मागचा चिखल झटकायचा प्रयत्न केला, तो आणखी पसरला. "चल," ती म्हणाली. "पण बोलायचं तू. मी शेजारी उभी राहते."

शाळेच्या व्हरांड्यात बोरुडे मॅडम आणि घड्याळाच्या जोशी मॅडम याद्या तपासत होत्या. या दोघी कॉलेजात असल्यापासूनच्या मैत्रिणी आहेत आणि कुठल्याही गोष्टीवर त्यांचं एकमत होत नाही. मी बोलायला लागले तेव्हा माझा आवाज असा निघाला की मला स्वतःलाच ऐकू येईना. ऋतुजाने कोपराने ढोसलं. मग मी पहिल्यापासून सांगितलं. शेवटी म्हणाले, "मावशींनी दाखवलं होतं. मी म्हटलं मला येतं. मला येत नव्हतं. पण शिबिर बंद करू नका."

बोरुडे मॅडमनी चष्मा काढून पुसला, परत घातला.

"बस दहाची आहे," त्या म्हणाल्या.

"चारची करा," जोशी मॅडम म्हणाल्या.

"हो. चारची."

मुलींना सांगितल्यावर आमच्यातल्या दोघींनी माझ्याकडे पाहणं सोडलं, हेही लिहायला हवं. एक म्हणाली, "जिंकलेलं कोणी असं परत करतं का?" पण खाली उतरल्या सगळ्या.

मावशी मात्र माझ्यावर चिडल्या. "तुला म्या कशाला सांगितलं गं! आता ह्या पोरींची जेवनं? तुमची गाडी?" त्या पदर खोचत खाचरात आल्या तरी पुटपुटत होत्या. मग आमच्या चोवीस जणींकडे बघून त्यांचा चेहरा हळूहळू बदलला. "आता हाताशी एवढ्या हायत तर जोड्या करा. एक हिची, एक तिची. उपटनारी एक, लावनारी एक. आन् शिट्टी कुनी वाजवायची न्हाई."

बोरुडे मॅडमनी शिट्टी पर्समध्ये टाकली.

उपटणं हे लावण्यापेक्षा कठीण असतं. मूळ न तुटता काडी सोडवायची म्हणजे बोटं आधी चिखलात पसरून खालून हलवायची. मी माझ्याच ओळी उपटत होते आणि ऋतुजा लावत होती. तिला दाबायची सवय नव्हती, त्यामुळे तिला ते लवकर जमलं. मग अदलाबदल करून मी लावायला लागले, तर माझा अंगठा ऐकेना. दर तिसऱ्या रोपाला मावशी मागून म्हणायच्या, "कांदा!" मी परत काढायची. थोड्या वेळाने सगळ्याच मुली एकमेकींना "कांदा!" म्हणून ओरडायला लागल्या. यमुना इतकी हसली की तिला बांधावर जाऊन बसावं लागलं.

दुपारी खालच्या खाचरात पिवळं काहीतरी हाताला लागलं. गमबूट. त्यात पाणी आणि एक लहानसा खेकडा. "भाडेकरू ठेवलाय तुम्ही," आमच्यातली एक म्हणाली, तीच, जी सकाळी माझ्याकडे बघत नव्हती.

चारला थोडं काम उरलंच होतं. मी माझ्या शेवटच्या ओळीला हात घातला तेव्हा मावशी म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे ती."

"पण ती खोल आहे, मावशी."

"ऱ्हाऊ दे. बगू तुज्या कांद्याला काय येतं."

निघताना प्रश्न आला इरल्याचा. आता कोण जिंकलं? दोन्ही खाचरांत आमचे आणि त्यांचे हात इतके मिसळले होते की कुठली काडी कुणाची, सांगता येत नव्हतं. जोशी मॅडम म्हणाल्या, मावशींनीच निकाल द्यावा. मावशींनी आमच्या हातातलं इरलं घेतलं, उलटं केलं, आतल्या बाजूला कामट्यांची एक गाठ अंगठ्याने चाचपली.

"हे माज्या सासूच्या हातचं हाय," त्या म्हणाल्या. "पयल्या सालाला तुमच्या एक मॅडम पावसात भिजाय लागल्या म्हनून दिलं हुतं. म्हनल्या, आनून देते."

बोरुडे मॅडमनी जोशी मॅडमकडे पाहिलं, जोशी मॅडमनी डोंगराकडे. एवढी वर्षं दोन कॉलेजं ज्याच्यासाठी भांडली, ते मागून आणलेलं होतं आणि परत करायचं राहिलं होतं.

मावशींनी ते डोक्यावर ठेवलं. पाऊस वाढला होता आणि वरच्या खाचराचा बांध फोडून पाणी काढायचं होतं. "निकाल आत्ता कसा द्यायचा?" जाता जाता त्या म्हणाल्या. "रोप लावलं म्हंजी भात आला का? भात झाला की या. तवा सांगीन."

बसमध्ये सगळ्या इतक्या चिखलाने भरलेल्या होत्या की जी जिथे जागा मिळेल तिथे बसली. ऋतुजा माझ्या शेजारी. गमबूट तिने मांडीवर घेतला होता. धबधबा आला तेव्हा ती झोपली होती, आणि काचेवर वाफ होती.

नंतर

हे लिहायला घेतलं तोवर नवरात्र उलटलं आहे. घड्याळवाल्यांच्या काचेच्या कपाटात आता इरल्याच्या जागी काही नाही. दोन्ही कॉलेजांत मिळून ठरलं आहे की पुढच्या वर्षीपासून पहिला दिवस मावशींकडे शिकायचा, लावायचं दुसऱ्या दिवशी, आणि निकाल कापणीला. जोशी मॅडमचं म्हणणं शिकायला दोन दिवस हवेत. त्यावर वाद चालू आहे.

परवा यमुनाने फोनवर एक फोटो पाठवला. दोन्ही खाचरं भरलेली, लोंब्या वाकलेल्या, बांधावर मावशी इरलं हातात धरून उभ्या, उन्हाला लाजल्यासारख्या डोळे बारीक केलेल्या. मी फोटो मोठा करून वरच्या खाचराची कड शोधली. एक ओळ सगळ्यांपेक्षा बुटकी, विरळ, आणि अजून हिरवी. खाली यमुनाने लिहिलं होतं, "तुजी वळ मागं हाय. पन आत्याबाई म्हनत्यात, दाना धरलाय. ती शेवटाला कापायची, तू येऊन." त्याखाली दुसरा मेसेज होता. बाहेरून बारावीला बसायचं तर तो सतरा नंबरचा फॉर्म कुठे मिळतो? मी ऋतुजाला विचारलं. ती म्हणाली, "फॉर्म मी बघते, पुस्तकं तू बघ. बघू कोणाचं आधी होतं."

कापणी दिवाळीनंतर आहे. त्याच आठवड्यात आई-वडिलांची ऊसतोडीची टोळी निघते, आणि दर वर्षी सामान बांधायला मी घरी असते. काल घाबरत आईला फोन केला. म्हटलं, "आये, मी दोन दिस उशिरा यीन. भात कापायला जायचंय."

आई हसली. "तुला कवा येतो गं भात कापाया?"

"न्हाई येत," मी म्हणाले. "शिकवनार हायत."